नव्या विहिरीचे चाक

रविवार, दिनांक ११ नोव्हेंबर १९७९. सकाळी साडेपाचला उठलो. विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणले, अंघोळ केली, चहा केला. थोडी थंडी आहे. कालच्या दोन पोळ्या होत्या, त्या खाल्ल्या. उद्या रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती व्हायचे आहे आणि बुधवारी पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे नाही, पण घरचे काही लिहायचे राहिले असेल तर लिहून ठेवा. म्हणून आज लिहितो. साक्षीदार अकरा वाजता येणार आहेत.

मी, देवराव धोंडबा गणवीर, वय त्रेसष्ट वर्षे, रेल्वे टपाल सेवेतून निवृत्त झालेला सॉर्टर, राहणार नवी विहीर वस्ती, नागपूर, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लाडीगोडी लावून काम करून घेणारे एकच माणूस या घरात होते, माझी पत्नी कौसल्या. ती या वर्षी एक फेब्रुवारीला वारली. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही. मी आधी जाईन आणि मागचे ती पाहील असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो.

पहिले, घर. दोन खोल्या, समोरची पडवी, कवेलूचे छप्पर. हे माझा मुलगा हिरामण, राहणार भिलाई, आणि मुलगी जया, राहणार खापा, यांना समान हिश्शाने द्यावे. वस्तीत नवी योजना आली, घरे पाडून पक्के गाळे बांधायचे ठरले, तर दोघांनी आपल्या समजुतीप्रमाणे सही करावी. माझा पक्क्या घरांना विरोध नाही. पावसाळ्यात या छपराखाली सात ठिकाणी भांडी मांडावी लागतात, ती कोणी मांडली हे मला माहीत आहे. मात्र घरापुढची विहीर आणि तिच्याभोवतीची बारा फूट गुणिले दहा फूट जागा या घरात मोजू नये. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

दुसरे, पोस्टातले खाते. दवाखान्याचे देऊन उरेल ते जयाच्या दोन्ही मुलींच्या शिक्षणाला लावावे. पासबुक माझ्या ट्रंकेत आहे.

तिसरे, सामान. रेडिओ हिरामणने न्यावा. कौसल्याची लुगडी जयाने पाहावी. तिची ट्रंक मी उघडलेली नाही. तिचा पितळी गुंड, ज्यात ती पाणी भरत असे, तो शेजारच्या तुळसाबाईंना द्यावा. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि भरलेला गुंड त्यांना उचलणार नाही. रिकामाच द्यावा. का देतो ते पुढे येईल.

माझी सायकल तुळसाबाईंचा मुलगा नत्थूजी याला द्यावी. तो माझा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी आहे. तो आणि मी एप्रिलपासून बोलत नाही. सायकल ओट्याला टेकवून ठेवली म्हणजे ती नेताना त्याला कोणाशी बोलावे लागणार नाही.

चौथे, विहीर. हे जरा सविस्तर लिहितो, कारण मुलांना अर्धे माहीत आहे आणि सरकारी कार्यालयाला काहीच माहीत नाही.

ही विहीर १९३४ साली खणली. त्यापूर्वी आमच्या लोकांना पलीकडच्या पेठेतल्या विहिरीवर चढता येत नसे. खाली भांडे ठेवून उभे राहायचे. कोणाला दया आली तर वरून ओतत, नाही आली तर तासभर उभे. माझे वडील धोंडबा गिरणीत कामाला होते. त्यांनी आपल्या जागेतला तुकडा दिला आणि वस्तीतल्या गिरणी कामगारांनी सुट्टीच्या दिवशी खणायला सुरुवात केली. मी अठरा वर्षांचा होतो. पुरुष खणत, बायका मुरूम वाहत. बेचाळीस फुटांवर पाणी लागले. तेव्हा वस्तीला नाव नव्हते. लोक नवी विहीर म्हणू लागले आणि तेच नाव पडले. मी एकतीस वर्षे टपाल पत्त्यांप्रमाणे छाटून वेगळे केले. त्या पत्त्याची पत्रे माझ्या हातून गेली आहेत. कलकत्त्याहून, मुंबईहून, फौजेतून. पंचेचाळीस वर्षे झाली तरी लोक तिला नवीच म्हणतात. ती जुनी आहे हे प्रथम पेपरात वाचले.

१९५६ साली दीक्षेसाठी गावोगावचे लोक नागपुरात आले, तेव्हा आमच्या वस्तीत मिळेल त्या जागी माणसे उतरली होती. चार दिवस विहिरीचे चाक थांबले नाही. कौसल्याने ओंजळीत पाणी घातले नाही असा माणूस त्या चार दिवसांत या रस्त्याने गेला नसेल. तिच्या तळहाताला फोड आले होते. ती म्हणाली, "राहू द्या, आपल्याले कोणी असं पाजलं नव्हतं."

पाचवे. हे कलम कोणाला काही देण्याबद्दल नाही. हा माझा कबुलीजबाब आहे. मृत्युपत्रात तो बसतो की नाही हे ठाऊक नाही, पण बसवतो.

आमच्या वस्तीत एक रीत आहे. बाहेरच्यांना माहीत नसते. कोणाच्या घरी माणूस गेले की लगतचा शेजारी विहिरीचे चाक उतरवून त्या घरी नेऊन ठेवतो. चाकाची करकर चारही बाजूला ऐकू जाते, ती त्या घरी जाऊ नये एवढाच अर्थ. दीक्षेनंतर आम्ही सूतक, तेरवी, पिंड सगळे सोडले. ही रीत राहिली, कारण तिच्यात शिवाशिवीचे काही नव्हते. चाक परत लावायचे ते त्याच घरच्या माणसाने, आपल्या हाताने. साधारण दुसऱ्या दिवशी सकाळी लावतात. करकर ऐकू आली की लोक समजतात, त्या घरी चूल पेटली, आता बोलायला जावे. तोपर्यंत त्याला कोणी विचारायचे नाही आणि दुसऱ्याने लावायचे नाही.

एक फेब्रुवारीला सकाळी नत्थूजीने चाक उतरवले. माझ्या पडवीत ठेवले आणि म्हणाला, "तू बस गा देवराव. सगळं मी पाह्यतो." त्याने खरेच सगळे पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी चाक लावले नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. पलंगाखाली ठेवले होते. रोज सकाळी बाहेर काढायचो. हातात घेतले की वाटायचे, हे लावले की करकर सुरू होईल, बायका येतील, गुंड भरतील, आणि सगळे आधीसारखे झाले असे होईल. मग पुन्हा पलंगाखाली सारायचो. असे एकोणीस दिवस केले.

त्या एकोणीस दिवसांत वस्तीने मोठ्या रस्त्यावरच्या नळावरून पाणी भरले. तो नळ सकाळी दोन तास येतो. बायका माझ्या दारावरून जात आणि परत येताना पदर ओला असे. मला दिसत होते. दार उघडेच असायचे. मला कळत नव्हते असे मी म्हणणार नाही.

दहा फेब्रुवारीला मोजणीचे लोक आले. योजनेसाठी नकाशा करत होते. त्यांनी विहिरीवर चाक नाही, दोर नाही, काठ कोरडा हे पाहिले आणि वहीत लिहिले, विहीर वापरात नाही. मी पडवीत बसलो होतो. मला त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

पुढच्या आठवड्यात पेपरचा वार्ताहर फोटोग्राफरला घेऊन आला. मुलगा भला होता. तो नळावर जाऊन बायकांशी बोलला. आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरची वच्छला, शिवणकाम करते, तिला त्याने विचारले, वस्तीत विहीर असताना इतक्या लांब का येता? वच्छला म्हणाली, "सध्या इथूनच भरतो जी." त्याने पुन्हा विचारले तरी तेच सांगितले. कारण सांगायचे तर माझ्या घराचे नाव सांगावे लागले असते, आणि रीत तशी नाही. मला झाकण्यासाठी तिने विहीर उघडी टाकली.

एकोणिसाव्या दिवशी तुळसाबाई काठी टेकत आल्या. त्यांनी रीत मोडली. उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "देवराव, कौसल्या आता पाणी मागत नाही बाबा. आम्ही मागून राहिलो."

मी उठलो आणि चाक लावले. म्हणून गुंड त्यांना.

मार्चच्या पंचवीस तारखेला पेपरात बातमी आली. "पडक्या विहिरीभोवती अडकलेली वस्ती" असा मथळा होता. चाकाशिवाय विहिरीचा फोटो, खाली लिहिलेले, अनेक वर्षांपासून निरुपयोगी. मागे माझी पडवी दिसते, पडवीत एक माणूस बसलेला दिसतो. तो मी आहे. कात्रण माझ्या ट्रंकेत आहे. त्यानंतर पत्रे येऊ लागली. एका नागरिकाने मच्छरांबद्दल लिहिले. दुसऱ्याने लिहिले की अशा वस्त्यांना भावनेत न गुंतवता सुधारावे. वच्छलाने पत्र लिहिले की आम्ही हे पाणी रोज पितो. ते तीन ओळींत छापले. पुढे त्याच पेपरात शहरातल्या जतन करण्याजोग्या जागांची यादी आली. यादी करणाऱ्या विद्वानांनी कमानी पाहिल्या, दगडी पायऱ्या पाहिल्या, शिलालेख वाचले. त्या जागा जपाव्यात, माझी हरकत नाही. आमच्या विहिरीवर काही कोरलेले नाही. ज्यांनी खणली त्यांना लिहिता येत नव्हते.

एप्रिलमध्ये समाजमंदिरात बैठक झाली. योजनेत पक्के गाळे, घरोघरी नळ, आणि विहीर बुजवून तिथे दुकानांची रांग. नत्थूजी योजनेच्या बाजूने उभा राहिला. म्हणाला, "सरकार घरात नळ देऊन राहिलं, अन् तुम्ही बेचाळीस फूट खाली पाहून राहिले."

वच्छला म्हणाली, "नत्थूभाऊजी, आज अंघोळ कोण्या पाण्यानं केली जी?"

"त्यानं काय होते? नळाच्या पाण्यानं केली तर काय मी काळा पडन?"

"आताच का गोरे आहात?"

लोक हसले. नत्थूजीही हसला. मग मागून एक तरुण म्हणाला, "पण पेपरात छापलं आहे ना, विहीर बंद आहे म्हणून. चाकच नव्हतं फोटोत. काहून नव्हतं?"

कोणी माझ्याकडे पाहिले नाही. दीडशे माणसे सतरंजीकडे पाहत बसली. एक वाक्य बोलायचे होते. मी बोललो नाही. माझ्या पत्नीचे मरण दीडशे माणसांत मांडायचे आणि तेही विहिरीच्या कामासाठी, हे मला जमले नाही. बैठक तशीच उठली.

बाहेर आल्यावर नत्थूजी म्हणाला, "म्या बोलाचं होतं का? म्या चाक काढलं. लावाचं तुह्याकडं होतं गा."

ते खरे होते. म्हणून मी त्याच्याशी बोलणे सोडले. खोटे असते तर भांडलो असतो आणि आठ दिवसांत मिटले असते. नत्थूजी, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा एवढे ऐक, राग तुझ्यावर नव्हता. सायकलचे मागचे ब्रेक सैल आहेत.

जूनमध्ये मी योजनेच्या कार्यालयात गेलो. तिथला कारकून नीट बोलला. म्हणाला, "तपासणीच्या दिवशी जे दिसलं ते लिहिलं आहे, काका. चूक असेल तर कारणासह लेखी द्या." फॉर्म घरी आणला. कारणाच्या रकान्यापर्यंत भरला. संपादकांना पत्रही लिहिले, चार वेळा लिहिले. एकतीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे वेळेत पोचवली. स्वतःचे एक पत्र पेटीत टाकले नाही.

दसऱ्याला जया आली होती. मी तिला हे सगळे प्रथमच सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, आईचे खांदे त्याच विहिरीनं गेले. तिचे हात दुखायचे तं रात्री तेल मीच लावत होती. तुम्हाले विहीर दिसते, मले तिचे हात दिसतात."

मुलीचे म्हणणे या मृत्युपत्रात नोंदवून ठेवतो, म्हणजे मी ऐकले नव्हते असे होणार नाही. कौसल्याचे म्हणणेही नोंदवतो. दोन वर्षांपूर्वी योजनेची पहिली बोलणी निघाली तेव्हा ती म्हणाली होती, "नळ येऊ द्या. मग मी विहिरीवर नुसती बसाले जाईन." तिला दोन्ही पाहिजे होते. मलाही दोन्ही पाहिजेत. उगाच पाणी ओढत राहावे असे मी म्हणत नाही. बुजवू नये एवढेच म्हणतो.

सहावे. वडिलांनी जागा दिली तरी कागद बदलले नव्हते, म्हणून वर सांगितलेली बारा गुणिले दहा फूट जागा विहिरीसह माझ्या एकट्याच्या नावावर आहे. हिरामणचे पत्र आहे की दुकानांच्या रांगेत त्या जागेला एक गाळा मिळू शकतो, तो सोडू नये. हिरामण, तुझे गणित बरोबर आहे. पण तुझ्या आजोबांनी ती जागा दिली तेव्हा त्यांच्याजवळ या घराशिवाय दुसरी नव्हती, आणि मी तिचे जे नुकसान केले आहे त्याची भरपाई गाळ्याने होत नाही. ही जागा मी आमच्या रांगेतल्या आठ घरांच्या आठ बायकांना सामायिक देतो. त्यांची नावे सोबतच्या कागदावर आहेत; पहिले नाव तुळसाबाईंचे, शेवटचे वच्छलाचे. त्यांच्या घरांनी एकोणीस दिवस नळाच्या पाण्यावर काढले, म्हणून त्यांना. आठही जणींच्या सह्यांशिवाय जागा कोणाला देता येऊ नये.

या कागदाने सरकारचा हुकूम थांबत नाही हे मला समजते. परंतु विहीर बुजवण्याबाबत सव्वीस नोव्हेंबरला हरकतींची सुनावणी आहे आणि तिथे मालकाचे म्हणणे ऐकावे लागते. आजपर्यंत मालक मुका होता. माझ्यामागे मालक आठ असतील, आणि त्यांतली एकही मुकी नाही.

सुनावणीला मी चालू शकलो तर मी जाईन आणि बोलेन. दवाखान्यात असलो तर वच्छलाने माझे पत्र वाचावे. ते काल पाचव्यांदा लिहिले, तिच्याजवळ दिले आहे, आणि त्याचीच एक प्रत काल दुपारी संपादकांच्या नावाने पेटीत टाकली. त्यात एवढेच आहे: "फोटोत चाक नाही, कारण ते माझ्या घरी होते. एक फेब्रुवारीला माझी पत्नी वारली. आमच्या रीतीप्रमाणे ते मी लावायचे होते. मी एकोणीस दिवस लावले नाही. वस्तीने माझ्यासाठी तहान काढली. विहीर बंद नव्हती. मी बंद होतो."

आता कारणाचा रकाना भरला आहे.

सातवे, आणि हे शेवटचे. मी गेलो तर माझे काही मोठे करू नये. भंतेजींकडून वंदना घ्यावी, जयाला रडू द्यावे. नत्थूजीने किंवा कोणीही विहिरीचे चाक उतरवू नये. मी घरात असेन तेव्हाही पाणी भरणे चालू ठेवावे. मला करकर ऐकू गेली तर बरे वाटेल, आणि ऐकू जाणार नसेल तर कोणाचे काही बिघडत नाही. पुढे रीत ठेवायची की मोडायची हे वस्तीने ठरवावे. ठेवली तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन विचारावे. मला विचारले असते तर बरे झाले असते.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम जयाने करावे. सर्व मजकूर मी लिहून पुन्हा वाचला, खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

देवराव धोंडबा गणवीर

आमच्यादेखत देवरावजींनी सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली:
१. गणपतराव किसनजी बारापात्रे, निवृत्त सॉर्टर, राहणार महाल
२. मनोहरराव श्रावणजी खोब्रागडे, कंपाउंडर, राहणार नवी विहीर वस्ती

नागपूर, दिनांक ११ नोव्हेंबर १९७९, दुपारी साडेबारा

याखालचे मृत्युपत्रात धरू नये. कागद उरला म्हणून लिहितो.

दोघेही चहा घेऊन गेले. गणपतराव उद्या सकाळी सायकलरिक्षा घेऊन येतो म्हणाला. दवाखान्याची पिशवी भरली: धोतर, टॉवेल, चष्मा. करकर जरा कमी व्हावी म्हणून दर महिन्याच्या अकरा तारखेला मी चाकाला जवसाचे तेल देतो, म्हणून बाटली काढली होती. ती तशीच परत ठेवली.

घरातले पाणी संपले होते. विहिरीवर गेलो. दुपारची वेळ, कोणी नव्हते. बादली सोडली, ओढली. माठ विसळून भरला आणि वर झाकण ठेवले.